दिसतच नव्हती ती चूक

जुनी वही चाळताना मी हरलेला बुद्धिबळाचा एक डाव सापडला. शेवटी पटावर दोन राजे, दोघांचा एकेक हत्ती आणि समोरच्याकडे एक जादा प्यादं. खाली माझाच शेरा : 'एक प्यादं कमी पडलं, म्हणून हरलो.'

आज ती स्थिती मांडून पाहिली आणि कपाळावर हात मारला. डाव बरोबरीत सुटत होता! फिलिदोर या फ्रेंच खेळाडूने अठराव्या शतकातच हा बचाव सांगून ठेवलाय. आपला राजा प्याद्याच्या वाटेत उभा करायचा, हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या ओळीत ठेवून समोरच्या राजाला पुढे येऊ द्यायचं नाही. प्यादं त्या ओळीत आलं रे आलं की हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि पाठीमागून शहावर शह द्यायचे. प्यादं पुढे गेल्याने त्या राजाला लपायला आडोसाच उरत नाही.

मी खेळायला लागलो तेव्हा दर डावात दोन-तीन चुका सापडायच्या. आता खेळ सुधारलाय आणि त्याच जुन्या डावांत दहा-दहा चुका निघतात. असं का व्हावं?

डच मानसशास्त्रज्ञ द ग्रूट यांनी सुरू केलेला एक प्रयोग चेस आणि सायमन या संशोधकांनी १९७३ मध्ये पुढे नेला. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवायची, मग ती आठवून मांडायला सांगायची. नवख्याला चार-पाच मोहरे जमतात, उस्तादाला बहुतेक सगळे. मग तेच मोहरे पटावर कसेही विखरून ठेवले आणि उस्ताद जवळपास नवख्याच्या पंक्तीला येऊन बसला! ('बुद्धिबळाने स्मरणशक्ती वाढते' म्हणून शिकवण्या विकणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर वाचावा.)

उस्ताद सुटे मोहरे पाहतच नाही. कॅसलिंग केलेला (म्हणजे हत्तीसोबत एकाच चालीत बाजूला सरकवून सुरक्षित केलेला) राजा, शेजारचा हत्ती, पुढची तीन प्यादी आणि घोडा हे त्याच्या लेखी सहा मोहरे नसून एकच गठ्ठा. आपण 'बुद्धिबळ' हा शब्द वाचताना ब, उकार, द, ध असं जुळवत बसतो का? तात्पुरत्या स्मृतीत मावणाऱ्या गोष्टी दोघांच्याही मोजक्याच, उस्तादाची एकेक गोष्ट मात्र ऐसपैस. असे १०,००० ते १,००,००० गठ्ठे उस्तादाच्या डोक्यात असावेत, असा सायमन यांचा अंदाज होता. गठ्ठ्याला चिकटून चालही येते. माझ्याकडे फिलिदोरचा गठ्ठा नव्हता, त्यामुळे बचाव सुचला नाही आणि तो हुकल्याचंही कळलं नाही.

गंमत म्हणजे गठ्ठा असला तरी तो दगा देतो. २००८ मधल्या एका अभ्यासात तरबेज खेळाडूंना अशी स्थिती दिली, जिच्यात स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजाला घोड्याने देण्याची प्रसिद्ध मात होती आणि तिच्याहून कमी चालींची, पण अनोळखी दुसरी मातही. ओळखीची मात सापडल्यावर 'आम्ही आणखी चांगली शोधतोय' असं ते सांगत होते. डोळ्यांच्या हालचाली मोजल्या, तर नजर पहिली मात जिथे होती त्याच घरांवर घुटमळत होती. खोटं कुणीच बोलत नव्हतं!

सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थिती संगणकाने पुऱ्या सोडवल्यात, म्हणजे माझ्या पाच मोहऱ्यांच्या अंताबद्दल वादच नाही. मग हौसेने अख्खा डाव संगणकाला दिला. त्याने माझ्या अकराव्या चालीवर बोट ठेवलं, जिच्यात मी समोरच्याचा उंट मारला होता ती. त्याने सुचवलेली चाल मी तीनदा मांडून पाहिली. तिच्यात काय चांगलं आहे, ते अजून कळलेलं नाही.