गटोपचारातील समानुभूती : बेळगाव सीमाभागाच्या संदर्भात

दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे ते त्याच्या जागी उभे राहून ओळखणे, आणि आपण ओळखले आहे हे त्याला कळू देणे, म्हणजे समानुभूती. सहानुभूतीत ‘बिचारा’ हा शब्द कुठे ना कुठे दडलेला असतो. समानुभूतीत त्याला जागा नाही.

अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये डॉक्टर जोसेफ प्रॅट यांनी १९०५ मध्ये क्षयरोग्यांचे वर्ग भरवले. गटोपचाराची, म्हणजे रुग्णांना गटात एकत्र बसवून करायच्या उपचाराची, सुरुवात तेथून मानली जाते. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये समानुभूतीला उपचाराच्या आवश्यक अटींमध्ये स्थान दिले. गटात माणूस का सुधारतो याची जी कारणे मनोविकारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी मांडली, त्यांत ‘हे माझ्या एकट्याचेच नाही’ ही जाणीव आणि आपणही कुणाच्या उपयोगी पडतो हा अनुभव, ही दोन फार मोलाची. घरात वर्षानुवर्षे ज्याला नुसते सांभाळले गेले, त्याला गटात दुसऱ्याला सांभाळायला मिळते.

समानुभूती म्हणजे होकार नव्हे. गटात एखादा सांगतो, ‘रात्री भिंतीपलीकडून शेजारी माझ्याबद्दल बोलत असतात.’ एक जण म्हणतो, ‘असं काही नसतंय, मनावर घेऊ नको.’ दुसरा म्हणतो, ‘लोक असतातच तसले.’ पहिल्याने त्याचे दुःख झटकले, दुसऱ्याने भ्रमाला खतपाणी घातले. तिसरा हळूच म्हणतो, ‘मग रात्रभर डोळ्याला डोळा लागत नसंल की तुझ्या.’ आवाज खरे की खोटे यात तो पडलाच नाही; जागरण मात्र त्याने बरोबर ओळखले. स्किझोफ्रेनियाच्या (छिन्नमनस्कतेच्या) अनेक रुग्णांना समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव वाचणे जड जाते, स्वतःच्या चेहऱ्यावरही भाव उमटत नाहीत. म्हणून त्यांना भावनाच नाहीत असे समजणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. दोन महिने गप्प बसलेला माणूस रडणाऱ्यापुढे स्वतःच्या चहाचा कप सरकवतो, तेव्हा तो पुष्कळ बोललेला असतो. तीव्र झटक्याच्या काळात मात्र गटात बसवण्याची घाई करू नये.

सीमाभागात खरी कसोटी भाषेची. खानापूर, निपाणी, बेळगाव या पट्ट्यात एकाच गटात मराठी, कन्नड, उर्दू आणि कोकणी बोलणारे येऊ शकतात. बहुतेकांना एकमेकांची भाषा समजते, आणि गफलत नेमकी तिथेच होते. कन्नड बोलणारी बाई म्हणते, ‘बेजार आगेद.’ मराठी कानाला ती कामाने किंवा कुणाच्या जाचाने त्रासली आहे असे वाटते. तिला मात्र मन उदास आहे, कशात लागत नाही, असे सांगायचे असते. ‘मनस्सिगे समाधान इल्ला’ हे ऐकून मराठी माणूस तिला असमाधानी ठरवील. ती मनाला शांतता नाही म्हणते आहे. शब्द ओळखीचा म्हणून कुणी विचारत नाही. चांगला गटप्रमुख इथे थांबतो आणि विचारतो, ‘बेजार म्हणजे कसं होतंय? रडू येतंय, का राग येतोय?’ माझ्या मते सीमाभागातल्या गटाचा पहिला नियम हाच असावा : दुःख ज्याने त्याने आपल्या भाषेत सांगावे आणि ऐकणाऱ्याने आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवून ‘असंच ना?’ असे विचारावे. भाषेवरून इथे इतके ताणलेले आहे, की आजारी माणसाला निदान या खोलीत तरी कोणती भाषा बोलावी याचा धाक नसावा.

उपचारासाठी या भागातले लोक बेळगावात जातात, तसेच सुमारे ७५ किलोमीटरवरच्या धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेतही जातात. ‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची दूरध्वनी सेवा (१४४१६) २०२२ पासून सुरू आहे.

गोपनीयतेशिवाय समानुभूती टिकत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने रुग्णाला तो हक्क दिला आहे; पण तो डॉक्टर आणि सेवा देणाऱ्यांना बांधतो. गटातल्या सोबत्यांना बांधतो तो एकमेकांना दिलेला शब्द. खेड्यात सोयरीक दूरवर पसरलेली असते, गटात मामेसासऱ्यांचा शेजारीही निघू शकतो. म्हणून पहिल्याच बैठकीत ठरवून घ्यावे : बाजाराच्या दिवशी बेळगावच्या गणपत गल्लीत गाठ पडली, तर ज्याला बोलायचे असेल त्याने आधी हाक मारावी, दुसऱ्याने तोवर वाट पाहावी.