एका युनिक्सच्या इतक्या तऱ्हा कशा झाल्या?

लिनक्सवर हात बसलेल्या ॲडमिनने (सर्व्हर सांभाळणाऱ्याने) सन कंपनीच्या सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टमच्या सर्व्हरवर रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून 'किलऑल' कमांड देण्यापूर्वी दहादा विचार करावा. लिनक्समध्ये ती दिलेल्या नावाच्या प्रोसेस, म्हणजे चालू असलेले प्रोग्राम, थांबवते. सोलारिसमध्ये ती मशीन बंद करतानाची कमांड आहे आणि चालू असलेल्या जवळपास सगळ्याच प्रोसेस संपवते. दोन्ही सिस्टम युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टमच्याच घराण्यातल्या, तरी हा फरक. माझ्या मते याचं मूळ तंत्रज्ञानापेक्षा कायद्यात आणि धंद्यात जास्त आहे.

केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या संशोधनसंस्थेत १९६९ साली युनिक्सची सुरुवात केली. पण १९५६च्या न्यायालयीन तडजोडीमुळे तिची मालक असलेल्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीला दूरसंचाराबाहेर धंदा करता येत नव्हता. म्हणून युनिक्स सोर्स कोडसकट स्वस्तात विद्यापीठांकडे गेलं. दुरुस्तीची हमी नव्हती. अडलं तर ज्याचं त्याने निस्तरायचं. कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात बिल जॉय आणि सहकाऱ्यांनी त्यात एवढी भर घातली की बीएसडी ही स्वतंत्र शाखाच झाली. १९८३च्या ४.२बीएसडीमुळे टीसीपी/आयपी, म्हणजे इंटरनेटवरच्या संपर्काचे नियम, युनिक्समध्ये रुजलं.

१९८४ मध्ये एटी अँड टीचं विभाजन होऊन ते बंधन सुटलं आणि सिस्टम फाइव्ह हे तिचं व्यापारी युनिक्स जोमाने बाजारात आलं. आयबीएम, एचपी, सन यांनी आपापली युनिक्स काढली. गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये, म्हणून वेगळेपण त्यांच्या सोयीचंच होतं. आयबीएमच्या एआयएक्सचा कारभार 'स्मिट' या साधनातून, एचपीच्या एचपी-यूएक्सचा 'सॅम'मधून. सनने तर सोलारिस २ आणताना बीएसडीचा पाया सोडून सिस्टम फाइव्हचा धरला. सनच्याच जुन्या सनओएसवर तयार झालेल्यांना 'पीएस' या चालू प्रोसेस दाखवणाऱ्या कमांडचे पर्यायही नव्याने शिकावे लागले.

वेगवेगळ्या युनिक्सवर एकच प्रोग्राम चालावा म्हणून ठरवलेल्या १९८८च्या पॉसिक्स मानकाने प्रोग्रामरची मोठी सोय केली. डिस्क जोडणं, सर्व्हिस (मागे सतत चालणारा प्रोग्राम) सुरू करणं, पॅकेज बसवणं ही ॲडमिनची रोजची कामं मात्र त्याबाहेरच राहिली. ही उणीव आजही जाणवते.

१९९१ मध्ये आलेल्या लिनक्समध्ये जुन्या युनिक्सचा कोड नव्हता, त्यामुळे त्याने दोन्ही शाखांच्या सवयी सामावून घेतल्या. म्हणून तिथे बीएसडीचं 'पीएस ऑक्स' चालतं आणि सिस्टम फाइव्हचं 'पीएस -ईएफ'ही. पुढे २०१० मध्ये सर्व्हिस सुरू करणारं सिस्टमडी आलं आणि काही वर्षांत बहुतेक मोठ्या डिस्ट्रोंनी (लिनक्सच्या तयार संचांनी) सिस्टम फाइव्हच्या धर्तीच्या सुरुवातीच्या स्क्रिप्ट सोडल्या. बीएसडी शाखेतल्या फ्रीबीएसडीत सर्व्हिस बूटच्या वेळी सुरू व्हायला हवी असेल, तर अजूनही 'आरसी.कॉन्फ' फाइलमध्ये एक ओळ लिहावी लागते.