भूमिकाखेळ : ऑनलाइन समुदाय आणि खानदेश

टेबलाभोवती बसून कथन, नियम आणि फासे यांच्या आधारे खेळायचा खेळप्रकार. प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राच्या वतीने बोलतो आणि वागतो. एक जण खेळनियंता असतो; खेळाडू त्याला ‘डीएम’ (डंजन मास्टर) किंवा ‘जीएम’ (गेम मास्टर) म्हणतात. प्रसंग तो मांडतो, उरलेली सर्व माणसे व प्राणी तोच चालवतो आणि निकालही तोच देतो. जिंकणे-हरणे सहसा नसते. एकच कथा, म्हणजे ‘कॅम्पेन’, अनेक महिने चालू शकते.

उगमाविषयी मतभेद आहेत. छापील स्वरूपातला पहिला भूमिकाखेळ म्हणून जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेतील लेक जिनिव्हा (विस्कॉन्सिन) येथून टीएसआर कंपनीने काढलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ सर्वसाधारणपणे मान्य आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन हे त्याचे कर्ते. दोघांपैकी कोणाचा वाटा मोठा, हा वाद १९७९ मध्ये न्यायालयात गेला आणि १९८१ मध्ये तडजोडीने मिटला. गायगॅक्सच्या बाजूला जेफ पेरेनसह १९७१ मध्ये केलेले ‘चेनमेल’ हे लढाईचे नियम आहेत. अर्नेसनच्या बाजूला त्याच सुमारास मिनेसोटात सुरू झालेला ‘ब्लॅकमूर’चा खेळ आहे. अर्नेसन ज्या मंडळात खेळत असे त्यातल्या डेव्हिड वेसलीने १९६९ च्या आसपास ‘ब्राउनस्टाइन’ हा खेळ मांडला होता. त्यात खेळाडूंच्या हाती सैन्याच्या तुकड्या येण्याऐवजी एका गावातली एकेक व्यक्ती आली. वेसलीचा आधार होता चार्ल्स टॉटन या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याचे १८८० चे ‘स्ट्रॅटेगोस’, आणि टॉटनच्या मागे प्रशियाचा युद्धखेळ होता.

या युद्धखेळाची एक शाखा १७८० च्या सुमारास हेलविगने बुद्धिबळाचा पट वाढवून केलेल्या खेळापर्यंत जाते. बुद्धिबळाचे मूळ चतुरंगात असल्याने भूमिकाखेळाचे मूळही भारतात दाखवता येते, असे एक मत आहे. ते मोहक असले तरी दूरान्वयाचे वाटते. पट आणि सोंगट्या हा भूमिकाखेळाचा गाभा नाही. त्यांच्यावाचून तो उत्तम चालतो. गाभा आहे तो पंच, म्हणजेच खेळनियंता. प्रशियाचा लष्करी अधिकारी धाकटा राइसविट्स याने १८२४ मध्ये सिद्ध केलेल्या युद्धखेळात पंचाला मध्यवर्ती स्थान मिळाले, आणि १८७६ मध्ये फेर्डी दु व्हेर्न्वा या प्रशियन सेनाधिकाऱ्याने त्याला कोष्टकांच्या जाचातून सोडवून स्वतःच्या अनुभवाने निकाल देण्याची मुभा दिली. खेळाडूने काहीही करून पाहावे, पंचाने त्याचा परिणाम ठरवावा, ही रीत तेथून आली असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. फाशांचे साम्यही वरवरचे आहे. सारीपाटाचा पासा लांबट व चार बाजूंचा, तर येथला मुख्य फासा वीस बाजूंचा असतो.

खानदेशातल्या सोंगांशीही असेच नाते जोडता येईल. नंदुरबार जिल्ह्यातल्या काठी गावच्या होळीला नवस करणारे पुरुष बुध्या, बावा अशी रूपे घेतात. बहुरूप्यांची परंपराही या भागाला ठाऊक आहे. पण सोंगाचे रूप परंपरेने ठरलेले असते आणि त्यामागे व्रताचे पावित्र्य असते. पुढे काय घडेल हे कोणालाच माहीत नसणे ही भूमिकाखेळाची अट तेथे नाही. म्हणून दोन्ही वेगळे धरणे बरे.

ऑनलाइन प्रसार : पंच आणि बोलणे एवढेच अनिवार्य असल्याने हा खेळ संगणकाच्या जाळ्यावर सहज गेला. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने ‘मड’ हा अनेकांनी एकत्र खेळण्याचा मजकुरी खेळ सुरू केला. रिचर्ड बार्टलने तो पुढे नेला. तेथे मात्र पंचाचे काम यंत्राकडे होते. माणूस पंच ठेवून दूरवरून खेळणे सोपे झाले ते २०१२ मध्ये आलेल्या ‘रोल२०’सारख्या आभासी टेबलांमुळे आणि २०१५ मधल्या ‘डिस्कॉर्ड’ या गटसंभाषणाच्या सेवेमुळे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे नियम मोकळे होणे हे याहूनही मोठे कारण म्हणावे लागेल. २००० मध्ये आलेल्या मुक्त परवान्याने नियमांचा मोठा भाग इतरांना वापरता आला, आणि २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम फुकट मिळू लागले. भारतात सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला, आणि मार्च २०२० च्या टाळेबंदीत जगभर खेळाडूंची टेबले पडद्यावर आली.

खानदेश : ज्या प्रदेशातली तरुण मंडळी शिक्षणासाठी पुण्या-नाशकाला आणि रोजगारासाठी सुरतेला विखुरते, तेथे अशा खेळाची सोय उघड आहे. जळगावचा नियंता, सुरतेच्या उधन्यातला एक खेळाडू आणि पुण्याच्या वसतिगृहातले दोघे रात्री जेवणानंतर एका व्हॉइस चॅनेलवर बसू शकतात. वीज गेली की तोच डाव लिखित संदेशांवर चालतो. उत्तर सकाळी दिले तरी बिघडत नाही.

विषयाला तोटा नाही. उदाहरणार्थ, १६०० सालचा असीरगडाचा वेढा घ्या. अकबराची फौज खाली, खानदेशचा सुलतान बहादूरशाह फारुकी वर, आणि खेळाडू गडावरचे शिपाई. गड लाच देऊन घेतला की रोगराईने खिळखिळा झाला, याविषयी मुघल तवारिखा आणि जेझुइटांचे वृत्तान्त जुळत नाहीत. इतिहासकाराची ही अडचण नियंत्याला मोकळीक देते. एक शिपाई रात्री दोर टाकून खाली उतरायचे म्हणतो. नियंता काठिण्य १५ ठरवतो, म्हणजे एकूण निदान तेवढे यायला हवेत. फाशावर ११ पडतात, चपळाईचे ३ मिळवून १४ होतात; एकाने हुकते. दोर दगडावर घासून आवाज होतो, खाली मशाल हलते. नियंता अहिराणीत विचारतो : ‘आते तू काय करस?’ सगळा खेळ या प्रश्नाभोवती फिरतो. संज्ञा मात्र इंग्रजीच राहतात : सेशन, कॅरेक्टर शीट, इनिशिएटिव्ह.

फासे म्हटले की घरातल्या वडीलधाऱ्यांना जुगार आठवतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पत्त्यांचे डाव रंगणाऱ्या प्रदेशात ही शंका अकारण नाही. भूमिकाखेळात पणाला पैसा लागत नाही. फासा फक्त पात्राची कृती साधली की फसली ते सांगतो.

जानेवारी २०२३ मध्ये मुक्त परवाना आवळण्याच्या प्रकाशकांच्या बेताला खेळाडूंनी ऑनलाइन मोठा विरोध केला. त्याच महिन्यात पाचव्या आवृत्तीची संदर्भनियमावली क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुली झाली. त्यामुळे तेवढा मजकूर श्रेय नमूद करून मराठीत वा अहिराणीत उतरवायला आणि छापायलाही वेगळी परवानगी लागत नाही.