फेब्रुवारीत जादा कापले जाणारे शंभर रुपये

सोलापुरातल्या बहुतेक पगारदारांच्या फेब्रुवारीच्या पगारात व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० रुपये कापलेला असतो. वर्षाचे २,५०० व्हायला हवेत आणि दरमहा दोनशेने होतात चोवीसशेच, म्हणून उरलेले शंभर या महिन्यात बसवलेले. (२,५०० ही कमाल मर्यादा १९८८ च्या घटनादुरुस्तीने ठरली. तेव्हापासून महागाई कुठल्या कुठे गेली, मर्यादा जागची हललेली नाही.) पण हा कर मुळात आला कशासाठी, असं विचारलं की साहेबापासून कारकुनापर्यंत सगळे एकमेकांकडे बघतात. सार्वजनिक धोरणाचा अभ्यास म्हणजे असल्या प्रश्नांच्या मागे लागणं.

हा कर १९७५ साली लागला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या नोकरदाराने कर द्यायचा, सरकारने तेवढीच भर घालायची आणि त्यातून सांगोला-मंगळवेढ्याकडच्या माणसाने मागितलं की त्याला काम द्यायचं. बहात्तरचा दुष्काळ, खडी फोडणं, दुष्काळी कामावर खायला मिळणारी सुकडी या आठवणी आपल्या जिल्ह्यात घरोघरी आहेत. त्यामुळे ‘दुष्काळ पडला म्हणून योजना आली’ हे आपण धरूनच चालतो. हे खोटं नाही, पण अर्धंच आहे. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात १९६५ मध्येच हा प्रयोग करून पाहिलेला होता. म्हणजे दुष्काळ यायच्या आधीच उपाय तयार होता.

जॉन किंग्डन या अमेरिकी अभ्यासकाने १९८४ मध्ये नेमकं हेच मांडलं. प्रश्न, उपाय आणि राजकारण हे तीन प्रवाह आपापल्या वाटेने चालतात. ते एकत्र आले की थोड्या काळापुरती संधी मिळते आणि धोरण पुढे सरकतं. आपल्याकडे राजकारणही जुळलं. योजनेच्या कामांतून होणाऱ्या, पाणी जमिनीत मुरवणाऱ्या पाझर तलावांनी बागायतदाराच्या विहिरीला पाणी येणार होतं, रस्ते होणार होते, शहरांकडे येणारे लोंढे थोपणार होते. मला यात काही वावगं वाटत नाही. सगळ्यांचा थोडाथोडा फायदा होता म्हणूनच १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला आणि पुढे केंद्राच्या २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याला नमुना म्हणून उपयोगी पडला.

पण कायदा झाला म्हणजे काम मिळालंच असं नाही. १९८८ मध्ये योजनेची मजुरी किमान वेतनाच्या बरोबरीला आणली, ती जवळपास दुप्पट झाली. चांगलीच गोष्ट. पुढे अर्थतज्ज्ञांनी आकडे तपासले तेव्हा दिसलं की त्यानंतर मागेल त्याला काम मिळेनासं झालं. दर वाढले, कामं आखडली. हमीचा शब्द मात्र कायद्यात जसाच्या तसा.

खरी गंमत फळबागांची. १९९० पासून याच योजनेतून स्वतःच्या रानात खड्डे खणून झाडं लावायला पैसे मिळू लागले. आज सांगोल्याचं डाळिंब सगळीकडे जातं, डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापुरात आहे, आणि तेल्या या डाळिंबावरच्या रोगाने बागा काढाव्या लागलेलेही पुष्कळ आहेत. मग ही बरकत योजनेची का? इथे विश्लेषक अडवून विचारतो: योजना नसती तर काय झालं असतं? बाग लावलेले आणि न लावलेले शेतकरी शेजारी उभे करून चालत नाही, कारण ज्याच्याकडे विहीर होती त्यालाच बाग लावायची हिंमत झाली असणार. म्हणून दोन्हीकडे विहीर असलेले घ्यायचे, सातबाऱ्यावरच्या १९९० आधीच्या पीकपाण्याच्या नोंदी काढायच्या, तेव्हा ते सारखेच होते का ते बघायचं आणि मग फरक मोजायचा. एवढं करूनही एक गोष्ट सुटते. त्यातल्या काही विहिरींना पाणी राहतं ते वरच्या अंगाच्या पाझर तलावामुळे, आणि तो तलाव रोजगार हमीच्याच मस्टरवर, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटावर झालेला असतो.