युद्ध, सरहद्द आणि नागरिकत्वाचा कायदा (पूर्व विदर्भ)

युद्ध झालं, सीमा सरकली की माणूस आपल्याच घरी बसून परदेशी ठरू शकते, आणि मग सरकारला कायद्यात तारीख टाकून सांगावं लागते की आपला कोण. गडचिरोली-गोंदियापासून सरहद्द लय दूर, तरी या तारखा इथल्या गावांत लोकांना तोंडपाठ आहेत.

पहिली तारीख फाळणीची. घटनेच्या कलम ६ नुसार १९ जुलै १९४८ च्या आधी पाकिस्तानातून आलेला, अन् ज्याचा स्वतःचा, आईबापाचा नाहीतर आजाआजीचा जन्म अखंड भारतातला, तो सरळ नागरिक, नंतरच्याला अर्ज करून नोंदणी. गोव्यात उलटं झालं, १९६१ मध्ये जमीनच भारतात आली आणि १९६२ च्या आदेशानं तिथले लोक जागच्या जागी भारतीय झाले.

चामोर्शी, मुलचेरा तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावं आहेत, धानाच्या बांध्या, घरोघरी बंगाली बोली. त्यात नमःशूद्र पुष्कळ, बंगालात ते अनुसूचित जातीत येतात पण महाराष्ट्राच्या यादीत नाहीत, म्हणजे नागरिकत्व मिळूनही जातीचा दाखला अडते. इथं एक गैरसमज पक्का बसला आहे, की २५ मार्च १९७१ नंतर आलेला तो बाहेरचा. ती तारीख नागरिकत्व कायद्याच्या कलम ६अ मधली, फक्त आसामपुरती. बाकी देशात खरी अडचण २००३ च्या दुरुस्तीनं झाली, कागदाशिवाय आलेला 'बेकायदा स्थलांतरित' ठरला अन् त्याची नोंदणीची वाट बंद. २०१९ च्या कायद्यानं ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन लोकांना ती उघडली, मुसलमानांना नाही.

बौद्ध म्हटलं तरी तिबेटी त्यात बसत नाहीत, कारण यादीत चीन नाही. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावजवळ नोर्गेलिंग ही तिबेटी वसाहत आहे, हिवाळ्यात शहरात स्वेटर विकणारे बरेचजण अशाच वसाहतींतले. कायदा म्हणते, २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मला तो जन्मानं नागरिक, आईबाप कुठलेही असो. म्हणून तिबेटातून आलेल्या जोडप्याचा १९८६ चा पोरगा भारतीय आणि १९८८ चा त्याचाच सख्खा भाऊ परदेशी, एकाच चुलीवर जेवणारे दोघं! हे मनाला पटत नाही. लहान्याला परदेशी म्हणून आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) वेळोवेळी रिन्यू करावी लागते, मोठा मात्र मतदार यादीत नाव टाकू शकते, निवडणूक आयोगानं २०१४ मध्ये तसे आदेशच काढले.