जुनी फॉक्सप्रो, नवा सर्व्हर: बिघाडाची पार्श्वभूमी

नागपूरच्या इतवारीतलं ठोक किराणा दुकान असो की कळमन्यातली अडत, उधारी आणि स्टॉकचा हिशेब जिथे अजून फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रामवर आहे, तिथे नवा सर्व्हर बसला की तक्रारी ठरलेल्या. एका टर्मिनलवर टाकलेलं बिल दुसऱ्यावर दिसत नाही, इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) वारंवार बिघडतो, नाहीतर प्रोग्राम उघडतच नाही. खापर सर्व्हरवर फुटतं, पण कारण बरंच जुनं आहे.

डीबेस या आधीच्या डेटाबेस प्रोग्रामच्या काळापासून, म्हणजे १९८०च्या दशकापासून, डीबीएफची (फॉक्सप्रोही वापरते त्या डेटा-फाइलची) पद्धत एकच: सर्व्हर फक्त फाइल सांभाळतो. शोधणं, रेकॉर्ड लॉक करणं (एकाच वेळी दोघांनी तीच नोंद बदलू नये म्हणून), इंडेक्स लिहिणं ही सगळी कामं टर्मिनलवरचा प्रोग्राम करतो. एकाने लिहिलेलं दुसऱ्याला तत्काळ दिसेल, या भरवशावर सारा डोलारा उभा आहे.

१९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रो बनवणारी फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनी विकत घेतली. डॉस या विंडोजपूर्वीच्या प्रणालीवरची फॉक्सप्रो २.६ या आवृत्तीवर थांबली. ६४-बिट विंडोजवर डॉसचे प्रोग्राम चालत नाहीत, आणि विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून ३२-बिट सर्व्हर विंडोज येतच नाही. डॉसचे प्रोग्राम नव्या विंडोजवर चालवणारा डॉसबॉक्स मूळ खेळांसाठी बनलेला. अनेकांनी एकाच फाइलवर लिहायला लागणारं लॉकिंग त्यात नाही, म्हणून चालू हिशेबासाठी तो वापरू नये. विंडोजवरची व्हिज्युअल फॉक्सप्रो ३२-बिट असल्याने आजही चालते. तिची शेवटची आवृत्ती ९.० (२००४), सपोर्ट जानेवारी २०१५ मध्ये संपला. मात्र ओडीबीसी जोडणी (दुसऱ्या प्रोग्रामला हा डेटा वाचता यावा म्हणून) करताना ३२-बिटचं ओडीबीसी साधन 'सिसवॉव६४' फोल्डरमधून उघडावं लागतं. नावात ६४ असूनही ३२-बिटचं साधन तिथेच आहे, आणि इथे भलेभले फसतात.

सगळ्यात जास्त त्रास दिला तो एसएमबी २ ने. व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ बरोबर आलेल्या या फाइल-शेअरिंगमध्ये नेटवर्कवरच्या फेऱ्या वाचवायला टर्मिनल फाइलची माहिती स्वतःजवळ ठेवतं: फाइल आणि फोल्डरची १० सेकंद, 'अशी फाइल नाही' हे उत्तर ५ सेकंद. वर्डच्या फाइलला याने काही बिघडत नाही, पण डीबीएफमध्ये तेवढ्यात दुसऱ्याने ओळ घातलेली असते. उपाय सर्व्हरवर नाही, प्रत्येक टर्मिनलच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) आहे: 'लॅनमॅनवर्कस्टेशन'च्या 'पॅरामीटर्स'खाली 'फाइलइन्फोकॅशलाइफटाइम', 'डिरेक्टरीकॅशलाइफटाइम' आणि 'फाइलनॉटफाउंडकॅशलाइफटाइम' या तीन डीवर्ड (आकडी) किमती ० करून मशीन रीस्टार्ट करावं. एक टर्मिनल जरी राहिलं तरी घोळ कायम राहतो.

जुन्या सल्ल्यांत सर्व्हरवर ऑपलॉक (टर्मिनलला फाइल स्वतःजवळ ठेवायची परवानगी) बंद करायला सांगतात. तो एसएमबी १ चा, म्हणजे आधीच्या आवृत्तीचा, उपाय. एसएमबी २ वर त्याचा परिणाम होत नाही. सर्व्हर २०१९ मध्ये त्या शेअरपुरता 'लीझिंगमोड' (तशीच परवानगी देणारं सेटिंग) 'नन' करता येतो. एसएमबी १ पुन्हा सुरू करण्याचा मोह मात्र टाळाच. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच वाटेने पसरला होता.

आमच्या मते खरा तोडगा रिमोट डेस्कटॉप, म्हणजे प्रोग्राम सर्व्हरवरच चालतो आणि टर्मिनलवर फक्त त्याचा पडदा दिसतो. डीबीएफ, सीडीएक्स (इंडेक्सची), एफपीटी (लांब मजकुराची) तिन्ही फाइली एकत्र सर्व्हरच्या डिस्कवर हलवाव्यात, एक्सक्लुझिव्ह (बाकी कुणी उघडू शकणार नाही असं) उघडून जुने टॅग (इंडेक्समधल्या सूच्या) काढून इंडेक्स नव्याने बांधावेत आणि टर्मिनलांनी तिथेच लॉगिन करावं. परवाने वेगळे घ्यावे लागतात. पण डेटा नेटवर्कवरून फिरतच नाही, आणि मे महिन्यात दुकानाची लाइट गेली तरी सर्व्हर यूपीएसवर असला की इंडेक्स अर्धवट लिहिला जात नाही.