बोटीला चिलखत चढवण्याआधी

चौकशीला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पत्रा किती जाड बसवणार? आम्ही उलट विचारतो, बोटीचं आजचं वजन किती? कागदावरचं नको, काट्यावरचं सांगा.

पोलादाचा 6 मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला 47 किलो भरतो. केबिनभोवती 8 चौरस मीटर लावला की झाले पावणेचारशे किलो, आणि तेही उंचावर. 4 टनांच्या बोटीत हे वजन गुरुत्वमध्यापासून सव्वा मीटर वर बसलं, तर गुरुत्वमध्य 10 सेंटीमीटरहून जास्त चढतो. मग वळणावर बोट कलते आणि सावरायला वेळ लावते. वेग कमी होतो तो वेगळाच.

म्हणून आमचा सल्ला असा, की अख्खी बोट झाकू नका. सुकाणूवरचा माणूस, तोफची आणि इंजिन एवढंच झाका. 1966 पासून व्हिएतनामच्या नद्यांवर अमेरिकी नौदलाने वापरलेल्या 31 फुटी पीबीआर, म्हणजे नदीतल्या गस्तीच्या, बोटींचा सांगाडा मुळात फायबरग्लासच्या सहलीच्या बोटीचा होता. चिलखत होतं ते मोजक्याच जागी.

पॉलिइथिलीनचे चिलखती तक्ते पोलादापेक्षा खूप हलके, पण उष्णतेला टिकत नाहीत, त्यामुळे एक्झॉस्टजवळ आम्ही ते लावत नाही. ॲल्युमिनियमच्या बोटीवर पोलाद थेट बोल्टने आवळलं की खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मध्ये इन्सुलेशनचा थर हवाच.

बंदुकीचा स्टँड नुसत्या डेकवर उभा करत नाही. धक्क्याचा जोर खालच्या आडव्या-उभ्या फासळ्यांपर्यंत पोचवावा लागतो, नाहीतर फायबरग्लासला बोल्टभोवती तडे जातात. नळी आपल्याच केबिनकडे वळू नये म्हणून अडसर बसवतो. शस्त्रं आम्ही पुरवत नाही. कामही फक्त अधिकृत सरकारी यंत्रणेच्या लेखी आदेशावरच घेतो.

काम संपलं की कलण्याची चाचणी. केबिनमध्ये ओळंबा टांगायचा, हेलकावू नये म्हणून त्याचं टोक पाण्याच्या बादलीत सोडायचं. डेकवरची मोजलेली वजनं एका कडेची दुसऱ्या कडेला न्यायची आणि दोरी किती मिलिमीटर सरकली ते पट्टीवर वाचायचं. दिसायला गावठी, पण मोठ्या जहाजांचीही स्थिरता अशीच मोजतात. ही चाचणी वगळून बोट ताब्यात द्या म्हणाल तर देणार नाही.

चाचणीच्या दिवशी डिझेलच्या टाक्या एकतर काठोकाठ भरलेल्या असाव्यात, नाहीतर पूर्ण रिकाम्या. अर्ध्या टाकीतलं डिझेल हिंदकळतं आणि माप चुकतं.